पायाखालची फरशी मोजताना: एका नव्या अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना

माणूस घसरून पडला की लोक आधी त्याला उठवतात, मग त्याच्या चपलांकडे बघतात आणि शेवटी म्हणतात, "जरा बघून चालावं ना!" पडलेलाही ओशाळून कपडे झटकत पुटपुटतो, "माझंच लक्ष नव्हतं." पडलेली व्यक्ती म्हातारी असेल तर दोष वयावर जातो, लहान असेल तर धांदरटपणावर. त्या घोळक्यात फरशीकडे मात्र कोणी बघत नाही. ती सकाळी कशाने पुसली, तिच्यावर मघाशी काय सांडले, बसवताना ती कोणी निवडली आणि निवडताना दुकानदाराला काय विचारले, यातले काही तिथे निघत नाही. ज्या विषयाची ही प्रस्तावना आहे, तो विषय या न विचारलेल्या प्रश्नांपासून सुरू होतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ६,८४,००० माणसे पडून मरतात. अपघाती इजांनी होणाऱ्या मृत्यूंमध्ये रस्त्यावरच्या अपघातांच्या खालोखाल हाच क्रमांक आहे. डॉक्टर गाठावा लागेल इतक्या जोरात पडण्याचे प्रसंग वर्षाला ३ कोटी ७३ लाखांच्या घरात जातात, आणि मृत्यूंपैकी ८० टक्क्यांहून अधिक गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात. हे आकडे वापरताना एक पथ्य पाळावे. त्यांत झाडावरून, गच्चीवरून, बांधकामाच्या परांचीवरून कोसळणारे आहेत, चक्कर येऊन पडणारेही आहेत. सगळे मृत्यू फरशीच्या खात्यावर टाकण्याचा मोह या क्षेत्रात नव्याने आलेल्यांना होतो. त्याची गरज नाही. खुब्याचे हाड मोडून अंथरुणाला खिळलेले एक माणूस बहुतेक घरांनी पाहिलेले असते, आणि विषयाचे गांभीर्य पटायला तेवढे पुरते.

हा विषय नेमका कोणाचा, हे ठरवणे अवघड आहे. साहित्याची पारख सिव्हिल इंजिनियरकडे, घर्षणाचे गणित यंत्रशास्त्राकडे, चालीचे ज्ञान फिजिओथेरपिस्टकडे, मोडलेले मनगट ऑर्थोपेडिक डॉक्टरकडे आणि नुकसानभरपाईचा दावा वकिलाकडे. फरशी रोज प्रत्यक्ष हाताळतो तो मात्र सफाई कामगार, आणि त्याला यातले कोणीच काही विचारत नाही. कोणत्याही एका विद्याशाखेने हे घर पूर्णपणे आपले मानलेले नाही. त्यामुळे येणाऱ्याला सगळी दारे उघडी आहेत. तुम्ही आर्किटेक्ट असा, हॉस्पिटलच्या हाउसकीपिंगचे सुपरवायझर असा किंवा सोसायटीचे वैतागलेले सेक्रेटरी, आत यायला कसलीही पूर्वअट नाही. फक्त "ही फरशी निसरडी आहे का?" हा प्रश्न उंबऱ्याबाहेर ठेवून यावे. निसरडेपणा हा एकट्या फरशीचा गुण नाही. पाय किंवा तळवा, मध्ये अडकलेला द्रव, खालची फरशी आणि माणसाची चाल, या चौघांची गाठ एका क्षणी पडते तेव्हा ती घटना घडते. त्यातला एक घटक बदलला की उत्तर बदलते. या क्षेत्राचा गेल्या ऐंशी-नव्वद वर्षांचा इतिहास म्हणजे ही गोष्ट हळूहळू, बऱ्याच चुकांनंतर उमगण्याचा इतिहास आहे.

आधी पायाकडे बघू. चालताना पुढचा पाय जमिनीला टेकतो तो टाचेच्या मागच्या कडेने, तिरका. शरीराचा भार अजून मागच्या पायावर असतो आणि पुढच्या पायावर येऊ लागलेला असतो. या तिरकेपणामुळे टाच जमिनीला खाली दाबते तशी पुढेही ढकलते. पुढे ढकलणारे बल भागिले खाली दाबणारे बल, हे गुणोत्तर सपाट जागी सरळ आणि नेहमीच्या वेगाने चालताना साधारण ०.२ च्या आसपास असते. फरशीने तेवढे घर्षण पुरवले तर टाच जागेवर ठरते, नाही पुरवले तर पुढे निसटते. लांब ढांगा, घाईचे वळण, उतार, हातात ओझे, यांनी ही मागणी वाढते. पाऊल उचलतानाही पंजा मागे निसटू शकतो, पण तोवर भार दुसऱ्या पायावर गेलेला असतो आणि माणूस सहसा सावरतो. टाच निसटते तेव्हा भार तिच्यावरच येत असतो. मग माणूस मागे कलंडतो आणि हात टेकवायला जातो. आयरिश शल्यविशारद अब्राहम कॉलिस यांनी १८१४ साली वर्णन केलेले मनगटाचे फ्रॅक्चर आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते, आणि ते बहुतांशी पसरलेल्या हातावर पडूनच होते.

बारीक घसरण तर आपण रोज अनुभवतो, पण ती जाणवत नाही. टाच सेंटीमीटर-दोन सेंटीमीटर सरकते आणि थांबते. स्वीडनमधील स्ट्रँडबर्ग आणि लान्सहामर यांनी १९८१ साली प्रयोगशाळेत माणसांना चालवून दाखवले की टाच सुमारे १० सेंटीमीटरच्या पुढे गेली, किंवा तिचा वेग सेकंदाला अर्ध्या मीटरच्या वर गेला, तर सावरणे कठीण होते. सावरण्याची शक्यता आणि पडण्याची शक्यता यांच्यात एवढेच अंतर आहे. म्हातारी माणसे आखूड पावले टाकतात, म्हणून त्यांची घर्षणाची मागणी खरे तर कमी असते. मात्र टाच एकदा निसटली की ती परत ताब्यात आणायला लागणारी चपळाई त्यांच्याकडे नसते. "वय झालं, तोल राहत नाही" हे अर्धेच खरे आहे. तोल जाण्याच्या आधी टाच निसटलेली असते.

आता घर्षण. शाळेतले नियम आपल्याला ठाऊक आहेत: घर्षण दाबाच्या प्रमाणात वाढते आणि स्पर्शाच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते. लिओनार्दो दा विंचीच्या टिपणांत हे आढळते. आमोंताँने १६९९ साली ते पॅरिसच्या अकादमीपुढे मांडले आणि कुलाँने १७८५ साली पक्के केले. लाकूड, लोखंड आणि दगड कोरडे असतील तर या नियमांवर भागते. रबराचा तळ ओल्या टाइलवर आला की भागत नाही. रबर दबते, वळते आणि खडबडीतपणात शिरते. पाण्यालाही बाजूला सरायला वेळ लागतो. टाच वेगाने येते आणि पाणी निसटायच्या आत तिच्याखाली पातळ थर अडकतो. तेवढ्या क्षणापुरती टाच फरशीवर नसून पाण्यावर असते. हा थर भेदून वर येणारी सूक्ष्म टोके फरशीला असतील तर रबर त्यांना पकडते, नसतील तर नाही. ओल्या फरशीचे सारे शास्त्र या पातळ थराभोवती फिरते.

याच ठिकाणी या क्षेत्रातली सर्वांत महागडी चूक झाली. घर्षण मोजायची सर्वांत सोपी रीत म्हणजे वजनाच्या ठोकळ्याला रबराचे तुकडे लावून तो फरशीवर ठेवायचा, काट्याने ओढायचा आणि तो हलू लागतो त्या क्षणीचे बल नोंदवायचे. कोरड्या फरशीवर हे चालते. ओल्या गुळगुळीत फरशीवर ठोकळा काही सेकंद स्वस्थ बसून राहतो, तेवढ्यात खालचे पाणी पिळून निघते आणि उरलेली ओल दोन्ही पृष्ठभागांना एकमेकांना चिकटवते. धुतलेल्या ओल्या ताटावर ओले ताट ठेवून वरचे उचलायला जावे तसा हा प्रकार आहे. मग काटा दाखवतो की चकचकीत फरशी ओली झाल्यावर कोरडीपेक्षाही घट्ट धरते! अमेरिकेत याच पद्धतीच्या एएसटीएम सी १०२८ या चाचणीतला ०.६० हा आकडा टाइलच्या कॅटलॉगमध्ये वर्षानुवर्षे सुरक्षिततेचा शिक्का म्हणून छापला जात होता. ती चाचणी २०१४ साली मागे घेतली गेली. आकडा यंत्राने प्रामाणिकपणे वाचलेला होता. चूक यंत्राला विचारलेल्या प्रश्नात होती. माणूस काही ओल्या फरशीवर पाय ठेवून दोन सेकंद थांबून मग ढकलत नाही.

त्याआधीची एक गोष्ट अशीच बोधक आहे. १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या अंडररायटर्स लॅबोरेटरीज या संस्थेत सिडनी जेम्स यांनी एक यंत्र बांधले. चामड्याचा तुकडा, त्यावर वजन आणि हळूहळू तिरका होत जाणारा दांडा. प्रश्न मर्यादित होता: मेणाचे पॉलिश लावलेली कोरडी फरशी चामड्याच्या बुटांना घसरवते का? त्यासाठी ०.५ ही मर्यादा ठरली आणि त्या प्रश्नापुरते उत्तर योग्यच होते. पुढे हा ०.५ आपल्या जन्मस्थानापासून सुटला. कोरडेपणा गळाला, चामडे गळाले, पॉलिश गळाले, आणि "सुरक्षित फरशी म्हणजे ०.५" एवढेच लोकांच्या तोंडी उरले. आकडे असे अनाथ होतात तेव्हा ते फार दूरवर जातात.

याच सुमारास वॉशिंग्टनच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये पर्सी सिग्लर यांनी वेगळा विचार केला. पाय जमिनीला टेकतो तो वेगात आणि टाचेच्या कडेने, तर मोजणीही तशीच का करू नये? त्यांनी लंबकाच्या टोकाला यांत्रिक टाच बसवली, तो उंचावरून सोडला आणि टाच फरशीला घासून गेल्यावर लंबक दुसऱ्या बाजूला किती चढतो ते पाहिले. जितका कमी चढला तितकी ऊर्जा घर्षणात गेली. सहकाऱ्यांसह लिहिलेला त्यांचा निबंध १९४८ साली प्रसिद्ध झाला. पुढे ब्रिटनच्या रोड रिसर्च लॅबोरेटरीने हीच कल्पना उचलली. तिथे चिंता पादचाऱ्याची नव्हती. टायरखाली झिजून गुळगुळीत झालेल्या खडीवर पावसात मोटारी घसरत होत्या. जाइल्स, बार्बरा सेबी आणि कार्ड्यू यांनी १९६४ साली या हलवता येण्याजोग्या उपकरणाचा सविस्तर वृत्तांत दिला. नंतर ग्रेटर लंडन कौन्सिलने ते पुन्हा इमारतींच्या फरशीवर आणले. फरशीवर जन्मलेले यंत्र रस्त्यावर वाढले आणि परत घरी आले, असा त्याचा प्रवास आहे. आज जगभर ओल्या फरशीसाठी सर्वाधिक विश्वास या लंबकावर टाकला जातो, आणि माझ्या मते तो रास्त आहे.

नवख्याने हे यंत्र एकदा तरी स्वतः चालवून पाहावे. तिपाईसारखा पाया, पाण्याच्या बुडबुड्याने समतल केलेला. आडवा अडकवलेला हात. हाताच्या टोकाला स्प्रिंगवर बसवलेली, ७६ मिलिमीटर रुंदीची रबरी पट्टी, जिला सगळे स्लायडर म्हणतात. आधी हवेत मोकळा झोका देऊन काटा शून्यावर येतो का पाहायचे. मग उंची अशी जुळवायची की पट्टी फरशीला सुमारे १२६ मिलिमीटर घासून जाईल. फरशीवर पाणी शिंपडायचे, खटका दाबायचा, आणि परतणारा हात पट्टी फरशीवर आपटायच्या आत झेलायचा. हे झेलणे पहिल्या दिवशी जमत नाही. काटा जिथे थांबला तो आकडा लिहायचा. असे आठ झोके घ्यायचे, पहिले तीन सोडून द्यायचे आणि पुढच्या पाचांची सरासरी धरायची. मग यंत्र फिरवून आणखी दोन दिशांनी तेच करायचे, कारण काही टाइल एका दिशेला धरतात आणि दुसरीला सोडतात.

पट्टीची तयारी हा या कामातला सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. तिची कड आधी ४०० नंबरच्या पॉलिश पेपरवर आणि मग तीन मायक्रॉनच्या अतिसूक्ष्म फिल्मवर घासून घ्यावी लागते. दुसरी पायरी गाळली तर खरखरीत राहिलेले रबर गुळगुळीत टाइलवर वाजवीपेक्षा जास्त पकडते आणि धोकादायक फरशी पास होते. रबर कोणते, हेही लिहून ठेवावे लागते. बुटाच्या सोलसाठी कडक पट्टी असते, तिला ९६ म्हणतात. अनवाणी पायांच्या जागांसाठी मऊ असते, ती ५५. रबराचा कडकपणा तापमानाबरोबर बदलतो, म्हणून विदर्भातल्या मे महिन्यात घेतलेल्या मोजणीच्या कागदावर तापमान नसेल तर तो कागद अपुरा आहे.

ब्रिटनमध्ये या आकड्यांचा अर्थ असा लावतात: ३६ किंवा वर असेल तर घसरण्याचा धोका कमी, २५ ते ३५ मध्यम, २४ आणि खाली जास्त. हा ३६ कुठून आला, याची कथा मला या साऱ्या क्षेत्रातली सर्वांत सुंदर वाटते. बिल्डिंग रिसर्च स्टेशनच्या हार्पर, वॉर्लो आणि क्लार्क यांनी १९६१ साली माणसांना बलमापक पट्टीवरून चालवून प्रत्येक पावलाला लागणारे घर्षण मोजले. मागणी प्रत्येक पावलागणिक थोडी वेगळी येते. बहुतेक पावले कमी मागतात, एखादे फारच जास्त मागते. त्या पसाऱ्यावरून पुढच्यांनी हिशेब केला की सुमारे ०.३६ घर्षण देणाऱ्या फरशीवर सरळ चालताना दहा लाखांत एखादे पाऊल घसरेल. लंबकाचा ३६ तो हाच. त्याच हिशेबात २४ वर येईपर्यंत धोका विसांत एक होतो. म्हणजे बारा अंकांच्या उतारात जग उलटते, आणि ३५ आलेली फरशी नापास, ३७ आलेली पास, अशी खडूची रेघ मारणे किती फोल आहे हेही त्यातून कळते. शिवाय दहा लाख हा आकडा ऐकायला मोठा असला तरी गर्दीच्या स्टेशनच्या पुलावर दहा लाख पावले पडायला फार वेळ लागत नाही. आणि हा हिशेब सरळ, सपाट चालीचा आहे. धावत गाडी पकडणारा त्यात बसत नाही.

जर्मनांनी वेगळी वाट धरली. त्यांनी यंत्राऐवजी माणूसच वापरला. टाइलचा तक्ता, त्यावर इंजिन ऑइल, अंगाला सुरक्षेचा पट्टा आणि पायांत ठरावीक बूट घातलेला परीक्षक त्यावर पुढे-मागे चालतो. तक्त्याचा उतार हळूहळू वाढवत नेतात आणि पाय अस्थिर वाटू लागतो तो कोन नोंदवतात. त्यावरून आर ९ पासून आर १३ पर्यंतचे वर्ग ठरतात. यात एक सापळा आहे आणि त्यात भले भले अडकतात. आर ९ म्हटले की दहापैकी नऊ गुण मिळाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात आर ९ ही सर्वांत खालची पायरी आहे, या मोजपट्टीत आर १ ते आर ८ नाहीतच. आर ९ म्हणजे ६ ते १० अंशांचा उतार. त्रिकोणमितीत बसवले तर ०.११ ते ०.१८ इतके घर्षण, म्हणजे चालण्याच्या साध्या मागणीपेक्षाही कमी. तेलावर मोजलेला आकडा आहे हे खरे, पण ब्रिटिश आरोग्य व सुरक्षा खात्याने सांगितले आहे की आर ९ आणि काही वेळा आर १० फरशाही ओल्या किंवा चिकट जागी धोकादायक ठरतात. आर १० ची मजल १९ अंशांपर्यंत, आर ११ ची २७ पर्यंत. तेव्हा दुकानात "साहेब, आर नाइन आहे, एकदम अँटी-स्किड" असे कोणी सांगितले तर दुकानदार खोटे बोलतो आहे असे समजू नये. त्यालाही तसेच सांगितलेले असते.

उताराच्या चाचणीची दुसरी अडचण म्हणजे ती प्रयोगशाळेबाहेर नेता येत नाही. बसवलेली फरशी उचलून तक्त्यावर ठेवता येत नाही. ती नव्या टाइलची परीक्षा आहे, वापरात असलेल्या फरशीची नाही. अमेरिकेत २०१२ पासून लहानसे स्वयंचलित यंत्र फरशीवर चालवून गतिक घर्षण मोजतात आणि ओल्या टाइलसाठी ०.४२ ची अट धरतात. ऑस्ट्रेलियाने लंबकाच्या आकड्यांना पी ० ते पी ५ असे वर्ग दिले. युरोपने २०२१ मध्ये अनवाणी उतार, बुटांचा उतार, लंबक आणि सरकते यंत्र या चारही पद्धती ईएन १६१६५ या एका मानकात बांधल्या. एकत्र बांधल्या म्हणून त्या एकमेकींत बदलता येत नाहीत. अमेरिकेचा ०.४२ आणि लंबकाचा ३६ यांची तुलना करणारे तक्ते कुठे दिसले तर पान उलटावे.

लंबक हाताशी नसेल तर फरशीची सूक्ष्म खरखर मोजणारे खिशात मावणारे उपकरण असते. पाण्यासाठी २० मायक्रॉनच्या आसपास खरखर पुरते, साबणपाणी किंवा दुधाला ४५, पातळ रश्श्यासाठी ६०, आणि ऑलिव्ह तेलासारख्या तेलाला ७०. द्रव जितका दाट, तितका त्याचा थर जाड, तितकी टोके उंच हवीत. हे ब्रिटिश खात्याचे मार्गदर्शक आकडे आहेत, आणि आपल्या घरांचे एक गुपित ते उघड करतात. दिवाळीच्या पहाटे अभ्यंगाचे तेल लावून माणूस न्हाणीघरात उभा राहतो, बाळाला तेल चोळणारे हात आणि पाय तिथेच असतात. त्या तेलाला ७० मायक्रॉनची टाइल लागेल, आणि अशी टाइल रोज अनवाणी पायांना सहन होणार नाही, घासूनही निघणार नाही. इथे टाइल बदलणे हा उपाय नव्हे. पाटावर किंवा स्टुलावर बसून तेल लावावे, तळवे पुसावेत, मग उभे राहावे. चाचणीचा एक उपयोग असाही आहे की जे फरशीला झेपणार नाही ते तिच्याकडून मागू नये, हे ती सांगते.

फरशी बसवल्यावर काय होते, यावर मला जरा जास्त बोलायचे आहे, कारण पुस्तकी अभ्यासात हाच भाग निसटतो. प्रयोगशाळेतली टाइल नवी आणि स्वच्छ असते. इमारतीतली रोज पुसली जाते, आणि बऱ्याच ठिकाणी ती पुसणे हाच निसरडेपणाचा उगम असतो. डिटर्जंट मापापेक्षा जास्त घातले जाते, कारण फेस दिसला की काम दिसते. एकाच बादलीत फडके पुन्हा पुन्हा बुडवले जाते. साबण आणि मळ यांचा थर टाइलच्या सूक्ष्म खळग्यांत वाळून बसतो आणि टोके बुजतात. पुढच्या ओलीला तो थर पुन्हा बुळबुळीत होतो. अशा ठिकाणी टाइल बदलण्याआधी दोन बादल्या, मापाचे झाकण आणि स्वच्छ पाण्याचा शेवटचा हात, इतके करून पुन्हा मोजावे. आणि मोजताना सफाई करणाऱ्या बाईंना किंवा दादांना शेजारी उभे करावे. फरशी कुठे लवकर वाळत नाही आणि कोण कुठे घसरले होते, हे त्यांच्याइतके कोणालाच माहीत नसते. झीज हा दुसरा भाग. वाळू पायाखाली दळली जाते आणि टोके बोथट होतात. म्हणून बसवताना मोजलेला आकडा कायमचा नसतो. घाटांच्या काळ्या दगडी पायऱ्या मधोमध आरशासारख्या झालेल्या दिसतात, तीच प्रक्रिया लॉबीतही चालू असते.

आता आपल्या पायांविषयी. बाहेरची सारी मानके बुटांना केंद्रस्थानी धरून वाढली. आपण घरात अनवाणी, देवळात अनवाणी, आणि बाथरूममध्ये अनवाणी किंवा हवाई चपलेत असतो. हवाई चपलेची टाचेकडची जाळी झिजून सपाट होते आणि तरीही ती फेकली जात नाही. जर्मन मानकात अनवाणी पायांसाठी वेगळी परीक्षा आहे: साबणपाणी, उघडे पाय, वाढता उतार. ए वर्ग १२ अंशांपासून, बी १८ पासून, सी २४ पासून. पोहण्याच्या तलावांसाठी बांधलेली ही वर्गवारी आपल्या न्हाणीघराला जवळजवळ जशीच्या तशी लागू पडते. शॉवरखाली बी, पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्यांना सी. टाइल घेताना दुकानात आर ऐवजी हे अक्षर विचारावे. ते माहीत नसेल तर नमुन्याची लादी घरी आणून साबणपाण्याने ओली करून पायाने चाचपावी. ही शास्त्रीय चाचणी नव्हे, पण चकाकीवर भाळण्यापेक्षा बरी.

जगात सिरॅमिक टाइल बनवण्यात चीनच्या पाठोपाठ आपला देश आहे, आणि त्यातला फार मोठा वाटा गुजरातमधल्या एकट्या मोरबीचा आहे. शहाबादी फरशी, कोटा किंवा जुनी सिमेंटची लादी थोडे तरी पाणी पिते. व्हिट्रिफाइड टाइल जवळजवळ पीत नाही, तिच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी. डाग पडत नाहीत म्हणून ती आवडते, आणि पाणी वरच राहते ते त्याच कारणाने. पॉलिश केलेल्या ग्रॅनाइटच्या लॉबीत पावसाळ्यात वॉचमन दारात गोणपाट टाकतो, ते मला या क्षेत्रातले अस्सल देशी संशोधन वाटते. पाणी आत येण्याआधी अडवा, हे तत्त्व परदेशी मार्गदर्शिकांतही पहिल्या क्रमांकावर आहे. फक्त गोणपाट स्वतः चिंब झाले की तेच ग्रॅनाइटवरून सरकते, म्हणून ते बदलायला दुसरे वाळत घातलेले असावे, आणि आत चार-पाच पावले टाकता येतील इतकी लांब चटई असावी.

इथे करण्यासारखे काम भरपूर पडले आहे. युरोपच्या रबराच्या पट्ट्या त्यांच्या बुटांचे प्रतिनिधित्व करतात. झिजलेली हवाई चप्पल किंवा भेगाळलेली ओली टाच यांच्यासाठी कोणती पट्टी योग्य, याचा अभ्यास इथल्याच प्रयोगशाळेत व्हायला हवा. कोकणातल्या चिऱ्याच्या पायऱ्यांवर जूननंतर शेवाळाचा थर चढतो. चिरा मुळात खरखरीत, कोरडा असताना तो पाय उत्तम धरतो, आणि तरीही ऑगस्टमध्ये त्यावरून उतरायला गावातली माणसे कठडा शोधतात. फरशी तीच, पाय तेच, मधला थर बदललेला. तो थर घासल्यावर आकडा किती चढतो, किती दिवसांनी परत उतरतो, चुना मारला तर काय होते, ब्रशने आठवड्यातून एकदा घासले तर काय होते, हे एक लंबक, एक पाण्याची बाटली आणि धीर असलेला कोणीही विद्यार्थी एका पावसाळ्यात मोजू शकतो. जागा कोपऱ्यातली घ्यावी, म्हणजे लोक त्याच्यावरून उड्या मारत जाणार नाहीत, आणि प्रत्येक नोंदीपुढे पट्टीचा प्रकार, दिशा, तापमान आणि शेवटचा पाऊस कधी झाला ते लिहावे.